एकानं उंच झालेले खांब

लोकांचं तरुणपण विशीच्या आत येतं. माझं साठी ओलांडल्यावर आलं. त्या वयात पोरी जे करतात ते सगळं मी जालन्यात केलं. भाड्याच्या खोलीत राहिले, मैत्रीण जोडली, सकाळी उशिरा उठले, नवीन काही शिकले आणि परीक्षेची धास्तीही एकदा घेतली. खरं वय होतं तेव्हा यातलं काही जमलं नाही. चौथी झाली आणि बापानं पाटी काढून घेतली, कारण मेंढरांमागं माणूस कमी पडत होतं. मी रडले वगैरे नाही. मेंढरांमागं फिरणं शाळेपेक्षा बरं होतं, मार कमी बसायचा. पुढं लग्न झालं, पोरं झाली, नवरा वारला. त्यामुळं मी मोठी कशी झाले हे सांगायचं तर जालन्याचंच सांगावं लागतं. त्याआधी मी नुसती वाढले.

माझी नात सारिका, म्हणजे माझा मुलगा अंकुश याची मुलगी, जालन्याच्या कॉलेजात एम.एस्सी. करत होती. विषय संख्याशास्त्र. खाणावळीच्या डब्यानं पोरीची हाडं दिसायला लागली तेव्हा अंकुशनं मला तिच्याकडं धाडलं. आमचं गाव कुंभार पिंपळगावच्या पलीकडं. एसटीत बसवताना तो म्हणाला, "माय, तिला भाकर करून घाल. दुसरं काही करू नको." एवढंच काम होतं. खोली जुन्या जालन्यात जुबेदा आपाच्या घरी, वरच्या मजल्यावर. आपा माझ्याच वयाची विधवा, खाली शिवणकाम करायची. तिचं मशीन सुरू झालं की आमच्या फळीवरची ताटं थरथरायची. लांबून लोखंडाच्या कारखान्याचा भोंगा यायचा, त्यावर मी भाकरीचं पीठ मळायला घ्यायची. येसर, म्हणजे आमटीत घालायचं भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ, मी गावाहून डबा भरून नेलं होतं. त्याची आमटी उकळायला लागली की आपा जिन्यातून ओरडायची, "अम्मा, क्या डाले जी इसमें? सीधा नाक में घुस्या!" आणि ओरडून झालं की वाटी घेऊन वर यायची. तिची खिचडी आणि चिंचेचा खट्टा आमच्याकडं यायचा, आमचे धपाटे तिच्याकडं जायचे. दुपारी आम्ही दोघी गच्चीवर बसून सगळ्या गल्लीला नावं ठेवायचो. इतकं रिकामं मी जन्मात कधी बसले नव्हते. मला ते फार आवडलं.

सारिकाला शेवटच्या वर्षाला एक अहवाल करायचा होता आणि तिनं विषय आमच्या गावातल्या मेंढरांचा घेतला होता. कुणाचा कळप केवढा, कुणाचा वाढला, कुणाचा घटला, कुणी मेंढरं विकून ट्रकवर गेलं. अहवाल लेटेकमध्ये पाहिजे असा कॉलेजाचा नियम. लेटेक म्हणजे गणिताचं छापायची एक रीत. मेंढरांचे आकडे उभ्या खांबांच्या चित्रानं, म्हणजे आलेखानं, दाखवायचे होते, पण त्या रीतीत चित्र हातानं काढत नाहीत. चित्र कसं पाहिजे ते शब्दांत लिहायचं, मग मशीन ते काढून देतं. हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी तिच्या लॅपटॉपच्या पडद्याकडं बघून विचारलं, "खांब कुठं हाईत?"

"हे काय, लिहिले की."

"मला तर नुसत्या मुंग्या दिसून राह्यल्या."

"आजी, तू फोनवर आमटी कशी करायची सांगत होतीस, मंग मी करत होते. तसंच हे. मी सांगते आन् मशीन करतं."

"तू केलेली आमटी खाल्ली मी," मी म्हटलं. "मशीनचं बघू."

तेवढ्यावर ते राहिलं असतं. पण अहवाल द्यायच्या आठवड्यात सारिका धुण्याची बादली घेऊन उतरताना ओल्या पायरीवरून घसरली आणि दोन्ही हात टेकून पडली. उजवा मोडला, कोपरापर्यंत प्लास्टर. डावं मनगट सुजून टम्म झालं, त्याला पट्टी. बोटांची टोकं तेवढी बाहेर, आणि ती हलवली की पोरगी कळवळायची. तिला खाऊ घालणं, वेणी घालणं, तोंड धुणं माझ्याकडं आलं, त्याचं मला काही नव्हतं. मेंढरांची पिल्लं याहून जास्त त्रास देतात. खरी अडचण वेगळी होती. अहवाल बहुतेक लिहून झाला होता, आलेख तेवढे राहिले होते. वर्गातल्या पोरी आपापल्या अहवालात बुडालेल्या. बाजारातल्या टायपिंगवाल्याला आपा विचारून आली, त्याला लेटेक हे नावसुद्धा माहीत नव्हतं. आणि अंकुशचं आधीपासून ठरलेलं होतं. औंदा पार पडलं तर पुढचं बोलू, एक साल जरी वाया गेलं तर सामान उचलायचं. तो वाईट माणूस नाही. घरी त्याची बायको एकटी, शेत, मेंढरं, आणि मी इथं गच्चीवर. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. पण मी त्याच्या जागी नव्हते. सारिकाच्या मॅडम तिला पुढं संशोधनाला घ्यायला तयार होत्या, अहवाल वेळेवर गेला तरच. तो गेला नाही तर तिचं शिक्षण संपणार होतं आणि माझं जालनं.

हाताची बातमी कळल्यावर अंकुशचा फोन आला. "शेवटच्या तारखेला टेम्पो घेऊन येतो. उगं तिथं बसून काय करता?" त्यानं फोन ठेवला, तसं मी सारिकाला म्हटलं, "तू बोल. मी बटणं दाबते."

ती हसली, मग हसायची थांबली. "तुला एबीसीडी येत न्हाई, आजी."

"तुला भाकर येत न्हाई, मी कधी बोलले का?"

मी शिकले ते असं. आकडे मला मोबाइलमुळं येत होते. अक्षरं आम्ही रूपावरून धरली. वाय म्हणजे बेचकी. बी म्हणजे दोन पोटाचं. एस म्हणजे साप, हे लहान पोरालाही सुचेल. पण बटणावर अक्षर मोठं आणि पडद्यावर उमटतं बारकं, आणि दोघांची तोंडं जुळत नाहीत, हा काय कारभार आहे ते मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. मी बटणावरचं जी दाबलं की पडद्यावर शेपटीवालं दुसरंच काही यायचं, आणि मी पुसून टाकायची. अर्धी सकाळ त्यात गेली. लेटेकचा प्रत्येक हुकूम एका उलट्या तिरक्या रेघेनं सुरू होतो. ती रेघ, मग बिगिन हा शब्द, मग महिरपी कंसात ज्याची सुरुवात करायची त्याचं नाव. आणि जेवढे बिगिन तेवढेच एंड. हे मला लगेच कळलं. मेंढरं रानात बसवताना आम्ही भोवती जाळीचं कुंपण लावतो. जिथून लावायला घेतलं तिथं परत आणून गाठ मारली नाही, तर ते लावलं काय आणि न लावलं काय. म्हणून सारिका मला म्हणायची, "आजी, दार लाव," की मी कंस बंद करायची.

पहिला आलेख निघाला तेव्हा आपा शिवण टाकून बघायला आली. खांब उभे होते, सरळ होते, निळे होते. पण भानुदासचा खांबच दिसेना. भानुदास आमच्या भावकीतला, सगळ्यात लहान कळप त्याचा. त्याच्या नावावर कोरी जागा.

"ये बिचारे की बकऱ्यां कां गये?" आपा म्हणाली.

"मेंढरं," मी म्हटलं.

"वोइच जी. कां गये?"

सारिकानं जीभ चावली. खांबांचं बूड शून्यावर टेकव, असं मशीनला सांगावं लागतं. ते सांगायचं राहिलं, तर मशीन आपल्या मनानं सगळ्यात बारक्या आकड्यालाच जमीन समजतं, आणि ज्याचं सगळ्यात कमी तो पुरता गाडला जातो. माणसंही असंच करतात, पण ते असो. मी तो शून्याचा हुकूम लिहिला आणि भानुदास जमिनीतून वर आला. खरं सांगते, स्वतःचं पोर पहिल्यांदा उभं राहिलं तेव्हा मला इतकं नवल वाटलं नव्हतं. तेव्हा कामं पुष्कळ होती.

मग आम्ही झपाट्यानं सुटलो. सारिका डोळे मिटून आडवी पडायची, दुखायच्या गोळ्यांनी तिला गुंगी असायची. कागद उशाशी. त्यावर नजर टाकून ती नाव आणि आकडा सांगायची, मी कंस उघडून नाव, स्वल्पविराम, आकडा, कंस बंद. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर त्याचा आकडा आपोआप छापून यावा असाही एक हुकूम होता, तो मला फार आवडला. खांब बघून अंदाज करत बसायला नको. ती मधूनच एक डोळा उघडून चित्राकडं बघायची, खांब सरळ आहेत का, नावं एकमेकांवर चढली नाहीत ना, आणि म्हणायची, "बराबर." शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी सगळं संपलं. त्या आनंदात मी गूळ घालून लापशी केली आणि आपानं तिची सगळी वाटी खाऊन माझ्या वाटीत हात घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही छापलेला अहवाल घेऊन कॉलेजात गेलो. मी सोबत होते कारण पानं उलटायलाही सारिकाकडं हात नव्हते. मॅडम बारीक अंगाच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांची सही झाली की अहवाल पाच वाजायच्या आत ऑफिसात द्यायचा. त्या पानं चाळत होत्या. एका पानावर थांबल्या, मागं गेल्या, परत पुढं आल्या.

"सारिका, तक्त्यात भानुदास बारा. आलेखात तेरा."

सारिका वाकून बघायला लागली.

"पुढचा, तक्त्यात सतरा, इथं अठरा. त्याच्या पुढचाही. सगळेच खांब एकानं उंच आहेत. फक्त हा अंकुश तेवढा बरोबर आहे. मशीन अशी चूक करत नाही."

पोरीच्या तोंडावरचा रंग उडाला. तिनं माझ्याकडं बघितलं. "आजी, मी भानुदासकाकाचे बारा सांगितले का न्हाई?"

"सांगितले."

"मंग तेरा का लिहिले?"

"तू बारा म्हणलीस म्हणून."

मॅडमनी चष्मा काढून हातात घेतला. आता त्यांना काय सांगायचं! पण सांगितलं. आमच्यात कळपातलं एक मेंढरू देवाचं असतं. ते विकायचं नाही, कापायचं नाही आणि बोलून मोजायचंही नाही. कुणी विचारलं तर ते सोडून आकडा सांगायचा, नाही तर कळपाला नजर लागते. ऐकणाऱ्यालाही हे माहीत असतं. समोरचा बारा म्हणाला की आपण मनात तेरा समजायचं. यात खोटं कुणी बोलत नाही आणि कुणी फसत नाही. मी लहानपणापासून मेंढरांचा आकडा असाच ऐकलाय. सारिका बारा म्हणाली आणि माझं बोट तेरावर गेलं, मध्ये विचार करायचा काही प्रश्नच नव्हता.

"अगं, पण मी विचारले न्हाईत कुणाला!" सारिका रडकुंडीला आली. "मी मेंढरांच्या वाड्यापाशी उभी राहून सोता मोजलीत. देवाच्या मेंढरासकट!"

"ते मला कसं कळावं? आपल्यात कुणी असं मोजतं का?"

"आणि अंकुश?" मॅडमनी विचारलं. "तो बरोबर कसा आला?"

"ते आमचं घर हाय," मी म्हटलं. "आमची मेंढरं मला ठाऊक हाईत. तो आकडा ऐकून कशाला लिहायचा?"

मॅडमना हसू आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. म्हणाल्या, चुकीच्या आलेखावर मी सही करणार नाही, दुरुस्त करून आणा, मी तोंडी परीक्षेला खाली बसले आहे. आणि गेल्या. बरोबरच होतं त्यांचं. मी त्यांच्या जागी असते तर हसलेही नसते.

आलेखाचा पेनड्राइव्ह पिशवीत होताच. कॉम्प्युटरच्या खोलीत पहिल्या वर्षाची पोरं होती. नऊवारी नेसलेली म्हातारी खुर्चीत बसून बटणं शोधायला लागल्यावर सगळी गोळा झाली. एक चटपटीत पोरगी म्हणाली, "दीदी, मी करू का? जल्दी होईल."

"लेटेक येतं का तुला?" सारिकानं विचारलं.

"न्हाई."

"मंग सरक, आजीला उजेड येऊ दे."

घरी माझी बोटं बऱ्यापैकी चालत होती. इथं घामानं घसरायला लागली. मी एकेक आकडा पुसून कमी करत गेले. प्रत्येक वेळी मनात वाटायचं, भानुदासचं देवाचं मेंढरू आपण काढून टाकतोय. मग स्वतःलाच सांगायचं, ते यातच आहे, पोरीनं डोळ्यांनी मोजलंय. सगळे झाले आणि मशीनला काढ म्हणून हुकूम दिला, तर आलेखाच्या जागी लाल अक्षरांची रांगच रांग. भिंतीवरचं घड्याळ चारच्या पुढं गेलं होतं. सारिका पडद्याला नाक लावून खालून वर वाचत गेली. मी तिच्या मानेकडं बघत होते. तिची वेणी मीच घातली होती आणि ती वाकडी आली होती.

"आजी," ती म्हणाली, "शेवटचं दार उघडंच ठेवलंस."

मी कंस बंद केला. लाल अक्षरं गेली, खांब आले, सगळे एकेकानं खाली बसलेले, आमचा होता तिथंच. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, टाळ्या राहू द्या, छापायचं मशीन कुठंय ते दाखवा.

मॅडमनी तक्ता आणि आलेख शेजारी ठेवून एकेक आकडा बोटानं पडताळला आणि सही केली. ऑफिसाच्या खिडकीत बसलेल्या कारकुनानं पिशवी खांद्याला लावली होती, ती परत काढली. म्हणाला, इथं विद्यार्थिनीची सही. सारिकानं दोन्ही हात वर करून दाखवले. त्यानं जरा विचार केला आणि शाईची डबी पुढं सरकवली. डाव्या अंगठ्याचं टोक पट्टीबाहेर होतंच. मग साक्षीदार म्हणून मला सही करायला सांगितलं. एम.एस्सी. होणाऱ्या पोरीनं अंगठा उठवला आणि चौथी शिकलेल्या बाईनं खाली सही केली. अजूनही आम्हा दोघींत भांडण निघालं की मी तिला याची आठवण देते.

कॉलेजाच्या फाटकाबाहेर टेम्पो उभा होता. अंकुशनं आपाकडून किल्ली घेऊन सगळं सामान भरूनही टाकलं होतं. खाट उलटी, तिच्या पायांत गाद्या, कडेला गॅसची टाकी, वर माझा येसराचा डबा. आम्हाला बघून म्हणाला, "बसा. उजेडात पोचू."

"दिला अहवाल," सारिका म्हणाली.

"कुणी लिहिला? तुला तर हात न्हाईत."

सारिकानं हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं. अंकुशचा विश्वास बसला नाही. मी पिशवीतून जास्तीची प्रत काढली आणि आलेखाचं पान त्याच्या पुढं धरलं. तो सातवीपर्यंत शिकलेला, नावं त्याला वाचता येत होती. बोट फिरवत फिरवत तो आपल्या नावावर आला. खांबाच्या डोक्यावर आकडा होता, ठसठशीत.

"माय!" तो असा ओरडला की टेम्पोवाला दचकला. "आपली मेंढरं छापली? आख्ख्या गावाची छापली? नजर लागंल ना!"

"बोललं तर लागती. हे लिहिलंय. कुणी मोठ्यानं वाचू नका म्हंजे झालं."

"आन् देवाचं?"

"धरलंय. समद्यांचं धरलंय."

तो पान घेऊन उभा राहिला. गाड्या हॉर्न वाजवत कडेनं जात होत्या. अंकुशनं भानुदासचा खांब बघितला, मग आपला, मग परत भानुदासचा. आपला बराच उंच आहे हे त्याच्या ध्यानात आलेलं मला दिसलं. मग त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हे बराबर न्हाई," तो म्हणाला.

सारिका घाबरली. "काय चुकलं, पप्पा?"

"ह्यानंतर आपल्यात पाच पिल्लं झाली. हा खांब जुना झाला." त्यानं पानाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. "पुढच्या साली परत मोजून काढा."

"कोण काढंल?" मी विचारलं. "आम्ही तर गावाला चाललो."

त्यानं टेम्पोकडं बघितलं. दुपारभर एकट्यानं भरलेला. मग टेम्पोवाल्याला म्हणाला, "फिरव मागं."

आम्ही गल्लीत शिरलो तेव्हा आपा दारातच बसली होती. टेम्पोवरची उलटी खाट बघून ती तोंडावर पदर घेऊन हसली. "क्या अम्मा? सामान हवा खाने गया था क्या?" अंकुशनं गॅसची टाकी खांद्यावर घेतली आणि त्याच ओल्या जिन्यावर जपून पाय ठेवत वर निघाला. मध्यावर थांबून, धापा टाकत, खाली बघत म्हणाला, "माय, तेवढी गादी तरी आण की."

मी आपाशेजारी टेकले. "मला न्हाई जमणार," मी म्हटलं. "माझी बोटं दुखून राह्यली."